नाना हयात आहेत. कथा कशी वाटली ते कळवावे

राजुरी,
११ फेब्रुवारी २००७

ती. अमृताताईस,

राजरत्नचा जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि छोटीचा गोड पापा घे (ती आता कोणाला पापा घेऊ देत नाही असं आई म्हणते; तसं असेल तर नुसतं मामाने विचारलंय म्हण). इकडे सगळं खुशाल. आईचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे सकाळी दुखत नाही आणि पाणी भरायची वेळ झाली की दुखायला लागतो. नाना हयात आहेत. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलंय. तुझ्या कानावर याच्या उलट काही आलं असेल तर आधी घोटभर पाणी पी, खाली बस आणि मग पुढचं वाच. आत्ता नाना ओट्यावर बसून शेंगा फोडतायत आणि टरफलं मी झाडलेल्या जागेवर टाकतायत. फोन करून सांगितलं असतं, पण फोन त्यांच्या खाटेच्या उशालाच आहे आणि आमच्यात त्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं आहे.

तर झालं असं की मी कथा लिहिली. तू लगेच हसू नकोस. डेअरीत सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट काढायचं आणि मधली दुपार मोकळी, अशा नोकरीत माणसाने करायचं काय? एक तर पत्ते कुटायचे नाहीतर कथा लिहायची, आणि पत्त्यांत मला कोणी घेत नाही. कथेचं नाव 'हँडब्रेक'. त्यात एक मुलगा आहे, त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर असतात, ते वारतात, आणि मग मुलाला कळतं की जन्मभर आपण त्यांच्याशी धड बोललोच नाही. आता ड्रायव्हर का, तर दुसरा कुठलाही बाप मी जवळून पाहिलेला नाही. कल्पना सगळी माझीच. डेपो तेवढा नारायणगावचा ठेवला, गाव राजुरी ठेवलं, मिशा नानांच्या ठेवल्या, आणि ते चहात खारी बुडवून विसरतात तेही ठेवलं. पण वडिलांना संबंध कथेत कुठेही नावाने हाक मारली नाही. ओळखू येऊ नये याची एवढी काळजी मी घेतली होती.

कथा लिहून झाली तरी वाचणार कोण? आईला वाचून दाखवायला घेतली तर ती पहिल्या पानावरच दारावर आलेल्या गाडीवर कांदे विचारायला उठली. तेव्हा आळेफाट्याला सायबर कॅफे चालवतो त्या सुदर्शनने मला एक मराठी माणसांची वेबसाईट दाखवली. तिथे कोणीही आपलं लिखाण टाकतं आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंतची माणसं खाली मत लिहितात. मला दोन दिवस अन्न गोड लागेना. ताई, अमेरिका! इथे आपल्याला शेजारच्या बोरी बुद्रुकचा माणूस ओळखत नाही. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची असते तिथे. सगळं जमलं, फक्त 'ज्ञ' काही केल्या उमटेना. म्हणून ज्या ज्या शब्दांत तो होता ते सगळे मी काढून टाकले (कथेतला मुलगा आज्ञाधारक नाही, त्याचं कारण एवढंच आहे. टीकाकारांनी पुढे त्यावरून बरंच काही लिहिलं). कथा चढवायच्या वेळी लोडशेडिंगची वेळ भरत आलेली. पानावर 'कथा', 'कविता', 'मनातलं', 'पाककृती' असे रकाने होते आणि मी कुठे टाकू म्हणून घुटमळत होतो. तेवढ्यात सुदर्शन ओरडला, "लाईट चालली, दाब कुठंबी!" मी दाबलं. ते 'मनातलं'वर पडलं. खाली मी फक्त एवढंच लिहिलं होतं: 'आपले दोन शब्द जरूर लिहा. मी वाट पाहत आहे.'

कथेचं पहिलं वाक्य होतं, 'वडील जाऊन आज आठवडा झाला.'

त्यानंतर माझं जे काही झालं ते शत्रूचं होऊ नये. डेअरीतून सुटलो की आळेफाटा, तिथून घरी, की पुन्हा काहीतरी निमित्त काढून आळेफाटा. आई म्हणाली, "ह्याचं तिकडं कायतरी जमलंय," आणि नाना म्हणाले, "जमलं तर बरंच हाय." पहिल्या दिवशी एकाही माणसाने काही लिहिलं नाही. मी इतका सैरभैर झालो की गेणभाऊंच्या म्हशीच्या दुधाला गाईचं फॅट लावलं. ते दुसऱ्या दिवशी म्हशीलाच घेऊन डेअरीवर आले आणि म्हणाले, "बघ बाबा, ही गाय हाय का?" मी तेव्हाही मनात विचार करत होतो, की शीर्षक चुकलं असेल का.

आणि मग मतं यायला लागली. पहिलंच होतं: 'वाचून डोळे भरून आले. सावरा.' मला वाटलं ते शैलीबद्दल म्हणतायत, भाषा जरा सैल सुटलीय ती सावरा. खरंच होतं ते. मी दुसरा परिच्छेद आवरता घेतला. दुसऱ्याने लिहिलं, 'आईकडे लक्ष द्या.' हेही पटलं. आईचं पात्र मी घाईत उरकलं होतं. लगेच आईला दोन प्रसंग वाढवून दिले आणि खाली उत्तर लिहिलं, 'आपल्या सांगण्याप्रमाणे आईकडे जास्त लक्ष दिले आहे, आता कशी वाटते कळवावे.' त्यावर त्या बाईंनी लिहिलं, 'तुमच्यासारखा मुलगा सगळ्यांना मिळो.' (लेखक म्हणायचं असेल, घाईत मुलगा पडलं असेल, असं मी धरून चाललो.) तिसरं मत, 'वेळ जाऊ द्यावा लागतो.' चौथं, 'धीर सोडू नका.' पाचवे एक गृहस्थ अमेरिकेतून, 'शब्द अपुरे आहेत.' हे मात्र मला लागलं. अपुरे म्हणजे काय? मी त्याच बैठकीत कथा दीड पान वाढवली. सुदर्शनला दाखवलं तर तो म्हणाला, "राव, तुमी तर फेमस झाले." मी त्याला चहा पाजला. त्या आठवड्यात मी चालायचो ते जमिनीला पाय न लावता.

ताई, आता मला सांग, यात मला कळायला हवं होतं का? तू म्हणशील हो. सगळेच म्हणतात.

मागच्या महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी नाना दाढी करायला गेले होते. आईने केस धुतले होते आणि अंगणात उन्हाला केस मोकळे सोडून बसली होती. मी सायकल बाहेर काढत होतो, तेवढ्यात दारात जीप थांबली आणि तीतून उतरले कोण? खोडदचे सावळेरामकाका! तुला आठवतात ना, नानांच्या गाडीवरचे कंडक्टर. दोघांनी उभी नोकरी एका गाडीवर काढली. मग नानांच्या निरोप समारंभात काका भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी भर डेपोत सांगितलं, की एकदा चांगदेव मला ओतूरच्या स्टँडवर विसरून गाडी पार घाटापर्यंत घेऊन गेला व्हता. सगळा डेपो हसला. नाना हसले नाहीत. नारळ आणि शाल तिथेच खुर्चीवर ठेवून घरी आले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. असे सावळेरामकाका आणि त्यांच्या साळुबाई आपल्या दारात. काकांनी मला छातीशीच धरलं.

"वाघ व्हता रं तुझा बाप," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे यांनी माझी कथा वाचली! खोडदपर्यंत गेली! मी म्हणालो, "तुम्ही वाचलीत?"

"आमच्या पोरीनं, हर्षालीनं वाचली पुन्यात. तिच्या कंपनीत कंप्युटर हाय. लई रडली पोरगी."

"आणि शेवट? शेवट कसा वाटला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शेवट कुनाला बरा वाटंल रं, पोरा," ते म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले. मला वाटलं, चला, शेवट बदलावा लागणार.

तिकडे साळुबाईंनी आईला मोकळ्या केसांनी बसलेली पाहिली आणि "जानकाबाईऽऽ" करून तिच्या गळ्यातच पडल्या. आई घाबरली. एवढ्या वर्षांनी ही बाई दारात येते आणि हंबरडा फोडते म्हणजे हिच्याच घरात काहीतरी झालं असणार असं धरून तिनेही सूर लावला. दोघी एकमेकींना पोटाशी धरून रडतायत. साळुबाई म्हणतात, "असं कसं झालं गं," आणि आई म्हणते, "तूच सांग गं, कसं झालं." आई पुढे मला म्हणाली की मी मनातल्या मनात त्यांच्या घरातली सगळी माणसं मोजत व्हते, कोण गेलं काही उमगंना, आणि इचारायचं तरी कसं. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. त्यांना तर काहीच माहीत नव्हतं, पण दोघी रडतायत म्हटल्यावर त्याही बसल्या. मी सायकल धरून उभा. कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण कथा एवढा परिणाम करू शकते याचा आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू.

आणि नाना आले. गुळगुळीत दाढी, हातात मेथीची जुडी. दारात सावळेरामकाकांना बघून त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती मी जीपच्या पलीकडून पाहिली.

"तू का आलास?" नाना म्हणाले.

काकांनी आधी डोळे पुसले. मग म्हणाले, "तुझ्या मातीला आलो व्हतो."

नानांनी जरा विचार केला. "मंग बस की. व्हईल कवातरी."

ताई, आईचं रडणं मध्येच तुटलं. आणि मग काकांनी काय करावं? पायातली वहाण काढली. नानांवर नाही, माझ्यावर. मी सायकल आडवी धरली म्हणून वाचलो. साळुबाई नानांना हात लावून लावून बघत होत्या आणि "जिता हाय, जिता हाय" म्हणत होत्या. एवढ्यात काकांनी खिशातून कागद काढले. हर्षालीने प्रिंट काढून पाठवलेली माझी कथा. ते म्हणाले, आता हीच वाच, सगळ्यांसमोर, काय लिवलंयस ते आमालाबी कळू दे.

मी वाचली. अंगणात, उभ्याने. लेखकाला याहून वाईट शिक्षा नाही आणि (हे तुलाच सांगतो) याहून मोठं सुख पण नाही. समोर माणसं, जागची हलत नाहीत, आणि कांदे विचारायला कोणी उठत नाही. ड्रायव्हर दवाखान्यात बायकोच्या हातातली बांगडी नुसती फिरवत बसतो त्या जागेला साळुबाईंना हुंदका आला. नाना त्यांच्या समोर मेथी निवडत बसलेले असून आला! मी तो परिच्छेद जरा सावकाश वाचला. आई मात्र चिडली. कथेतली आई रडत नाही, दगडासारखी बसून राहते, ते तिला आवडलं नाही. "मी काय दगड हाय? मी तुझ्या बापासाठी गाव गोळा केलं असतं," म्हणाली. त्यावर नाना पहिल्यांदा तिच्याकडे बघून जरा खूश दिसले. पण वाचून संपलं तेव्हा ते जुडीची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते, ती सोडली आणि म्हणाले, "मी एकदाबी हसलो न्हाई ह्याच्यात."

मी म्हणालो, "नाना, ती गंभीर कथा आहे."

"तसं न्हाई. मेलो त्येचं काय न्हाई. पर इतकी पानं जित्ता हाय आन एकदाबी हसत न्हाई. मी असा व्हतो व्हय रं?"

मी डेअरीत गेलो आणि त्या संध्याकाळी सगळ्यांचं फॅट बरोबर काढलं, एवढंच.

नाना पुढे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की ताट घेऊन ओट्यावर जायचे. मधल्या काळात बातमी हळूहळू फिरतच होती, त्यामुळे भेटायला माणसं येत राहिली, आणि येतील त्यांना नाना स्वतः चहा द्यायचे. आईला मात्र रोज विचारायचे, कोण कोण आलं? "भावकीतला भिमाजी आला न्हाई. ध्यानात ठिव." आईने मला निवडक शब्दांत सांगितलं की पुन्हा लिहिलंस तर वही चुलीत घालीन, आणि मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. रात्री जेवण जाईना. एक तर बाप बोलत नाही, आणि दुसरं म्हणजे (तुझ्याशी लपवून काय करू) इतकी माणसं रडली, पण एकानेही कथा कथा म्हणून कशी होती ते सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सावळेरामकाका पुन्हा आले. नाना इस्त्रीचा सदरा घालून तयारच होते. मला म्हणाले, "चल. ते कंप्युटरवं माणसं काय लिवत्यात ते दाव."

सुदर्शनने दोघांना खुर्च्या दिल्या. मी एकेक मत वाचून दाखवायला लागलो तर नानांनी हाताने थांबवलं आणि चष्मा लावून स्वतः वाचायला बसले, अक्षरावर बोट ठेवून. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की माझेही वडील ड्रायव्हर होते, मी आज त्यांना फोन केला. नानांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"ही मला वळखती?"

"नाही, नाना."

"आन ह्यो? अमेरिकेचा?"

"तेही नाही. फक्त हे वाचून."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मंग बरं लिवलं असशील," म्हणाले.

ताई, हे ते मत. अख्ख्या जगातून मला मिळालेलं पहिलं. मी तिथेच बाकड्यावर बसलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण नाना म्हणाले, लोकं उगंच दुखात हायेत, त्यांना कळव. मी लिहिलं, की ही कथा आहे, वडील सुखरूप आहेत, गैरसमज झाला असल्यास माफी असावी. झालं! अमेरिकेचे गृहस्थ म्हणाले, ही भावनांशी खेळलेली लबाडी आहे. कोणी म्हणालं, वडिलांना मारून टाळ्या मिळवणारा मुलगा. आणि ज्यांना डोळे भरून आले होते त्यांनीच आता लिहिलं, की तरीच शेवट ओढूनताणून वाटला होता! (हे आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?) हे वाचून नाना खवळले. मला उठवून स्वतः बसले, आणि सुदर्शनला एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं: 'मी चांगदेव. मी स्वतः जिवंत आहे. पोराला बोलू नये.' त्यावर उत्तर आलं, की मेलेल्या माणसाच्या नावाने लिहिणं हा किळसवाणा प्रकार आहे. नाना उभेच राहिले. "दर वरसाला ब्यांकेत हयातीचा दाखला देतो मी! त्यो पाठव ह्यांना!" काका त्यांना खाली बसवत होते आणि हसत होते, आणि मग नानाही हसायला लागले, एवढे की सुदर्शनला पाणी आणावं लागलं. थोड्या वेळाने त्या वेबसाईटवाल्यांनी ते पानच बंद करून टाकलं.

आता दोघं रोज दुपारी आपल्या ओट्यावर असतात. रोज भांडतात. मी शेजारी बसून ऐकतो आणि मधूनमधून विचारतो. परवा विचारलं, की नाना, इतकी वर्षं गाडी चालवताना मनात काय चालायचं? ते म्हणाले, "मागं उलट्या करनाऱ्यांची खिडकी उघडी हाय का न्हाई, येवढंच." यात कथा कुठे बसवायची ते मला अजून कळलेलं नाही.

असो. सांगायचं एवढंच होतं, की कोणी काही बोललं तर घाबरू नकोस. मी लिखाण सोडलं आहे. आईला तसा शब्द दिला आहे. दाजींची प्रकृती जपावी, त्यांना फार दगदग होते. छोटीचा अभ्यास घ्यावा. उत्तराची वाट पाहतो.

तुझा धाकटा,
राजरत्न

ता. क. आईला दिलेला शब्द वहीबद्दल होता. सुदर्शनकडे वही लागत नाही.

ता. क. दुसरी कथा कालच चढवली. या वेळी 'कथा' हाच रकाना दोनदा बघून दाबला, आणि नाना चार ठिकाणी हसतात. पण एक अडचण आहे. कथेत एक बहीण आहे, ती कल्याणला असते, आणि तिचा नवरा एके दिवशी भाजी आणतो म्हणून जातो तो परत येत नाही. दाजींना तू हे अशा वेळी सांग की त्यांच्या हातात पिशवी नसेल. मी कल्याणचं ठाणे करणार होतो, पण मग स्टेशनचा प्रसंग बसेना.

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुझ्याकडे कोणी सांत्वनाला आलं, फोन आला, तर लगेच 'हे घरातच आहेत' म्हणू नकोस. आधी त्यांना बसव आणि कथा कशी वाटली तेवढं विचारून घे. खरं कळल्यावर कोणी खरं सांगत नाही.